मामांनी न उघडलेली पानं

"मला दिसत नाही. फक्त मामांना दिसतं."

हे वाक्य मी आमच्या पुढच्या खोलीत, हातात कॉफीचा पेला धरून, भजनमठाच्या कार्यवाहांना सांगितलं. त्यातला पहिला भाग खोटा होता. दुसऱ्या भागामुळे माझ्या सख्ख्या मामांवर साठ घरांचा संशय बसला. आतून बायकोनं ऐकलं. कार्यवाह गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुम्हांला दिसत नाही?" मी पेला विसळायला मोरीकडे गेलो.

आमची घरं तीनशे वर्षांपासून कावेरीकाठी आहेत. बाहेर तमिळ, घरात मराठी. ती मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात हे मी स्वतः अनुभवलंय. पुण्यात मी आठ वर्षं नोकरी केली, हे लिहितोय ती मराठी तिथलीच. वडील आजारी पडले तेव्हा कुंभकोणमला परतलो आणि गावातल्या दुकानांच्या वेबसाइट बनवू लागलो: पितळी समयांची दुकानं, कॉफीपूडवाले, एक विड्याच्या पानांचा व्यापारी.

आमच्या गल्लीत आमच्या लोकांचा एक छोटा विठ्ठलाचा मठ आहे. तिथे एक जुनी रीत आहे. एकादशीला प्रत्येक घरानं आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून देवापुढच्या पितळी गडूत टाकायचं. एकच माणूस त्या चिठ्ठ्या उघडतो, देवाकडे तोंड करून ओठांतल्या ओठांत वाचतो आणि पुढे नदीत सोडतो. तीस वर्षं ते काम मामांकडे होतं. आयुष्यभर ते औषधांच्या दुकानात होते. कोणाच्या घरात कोणती गोळी जाते हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी मामीलाही कधी सांगितलं नाही. म्हणून तर गडू त्यांच्याकडे आला.

साथीच्या दिवसांत मठ बंद झाला तेव्हा मी मठाची साइट बनवली. सभासदानं आपलं नाव आणि परवलीचा शब्द घालून आत जायचं, 'माझं पान' उघडायचं, त्यात गोत्र, नक्षत्र आणि मागणं लिहायचं. एकादशीला सकाळी मी सगळी पानं छापायचो, छापील बाजू आत ठेवून तीन घड्या घालायचो, कडेला गोंद लावायचो, कडेवर बाहेरून सभासदाचा क्रमांक आणि तारीख घालायचो आणि गडूत टाकायचो. मामा चाकूनं कड कापून वाचायचे. साथ गेली, मठ उघडला, पण ही सोय राहिली, कारण निम्मी मुलं चेन्नईला, बंगळुरूला, सिंगापूरला.

छापणारा मीच, म्हणजे मला सगळं दिसू शकत होतं. वाचायचं नाही असं मी ठरवलं होतं. बहुतेक वेळा पाळलं. बहुतेक वेळा.

या चैत्रात कुजबुज सुरू झाली.

मठात पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक अक्का आहेत. त्यांच्या धाकट्या बहिणीची सून शाळेत शिकवते. शांत मुलगी, भजनात टाळ धरते. तीर्थ वाटताना अक्का तिच्याकडे न बघता शेजारणीला म्हणाल्या, "कांही जणींना चेन्नईचें वारें फार मानवतें म्हणे. सासूच्या हातचें सारू कडू लागतें."

त्या मुलीच्या हातातलं तीर्थ सांडलं. तिनं अक्कांकडे पाहिलं नाही. मान वळवून तिनं थेट मामांकडे पाहिलं. मामा गडूवर फडकं बांधत होते.

नवऱ्याची चेन्नईला बदली व्हावी आणि या घरातून आपल्याला एकदा निघता यावं, असं तिनं लिहिलं होतं. हे मला माहीत होतं. कसं, ते वर सांगितलंच आहे.

पुढच्या एकादशीला आणखी एकाचं बाहेर आलं. एका गृहस्थांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची भीती घरात कोणालाच सांगितली नव्हती. ती त्यांच्या मेहुण्याला ठाऊक झाली. "कोणी सांगितलें?" असं विचारलं की सगळे एकच उत्तर द्यायचे, "कानावर आलें." कोणाच्या तोंडून, ते कोणी सांगेना.

मग कार्यवाह माझ्याकडे आले. कॉफीचा पहिला घोट घेऊन त्यांनी विचारलं, "हा मजकूर किती जणांच्या डोळ्यांखालून जातो, तें सांग."

आणि मी ते वाक्य बोललो. खरं सांगतो, मामांना अडकवायचं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त स्वतःला वगळायचं होतं. पण दोघांतून एक वगळला की दुसराच उरतो, हे कळण्याइतकं गणित मला येत होतं.

मला स्वतःलाही मामांचाच संशय येऊ लागला, हे त्याहून वाईट. मी बोललो नव्हतो हे मला माहीत होतं. मग उरलं कोण? जवळच्याच तिरुनागेश्वरमला त्यांच्या घरी मी उगाच चकरा मारू लागलो. ते ओट्यावर फूलवालीशी बोलत असले तर मी कोपऱ्यावर थांबून ऐकायचो. ती मोगऱ्याचा भाव सांगत असायची. मामी पाठकोऱ्या कागदावर वाणसामान लिहायची, तो कागद ती आत गेल्यावर मी उलटून पाहिला. विजेचं बिल होतं. मामांनी ते पाहिलं.

"काय हुडकतोस?" ते म्हणाले.

"कांही नाही. तारीख बघत होतों."

"भिंतीवर कॅलेंडर आहे."

शेवटी मी सापळा लावला. एकादशीच्या पहाटे, माझा फोन चार्जिंगला होता म्हणून बायकोच्या फोनवरून, साध्या सभासदासारखा आत शिरून, माझ्या पानावर लिहिलं: कॅनडात नोकरी मिळावी, पुढच्या वर्षी कुटुंबासह तिकडे जाता यावं. हे धादांत खोटं होतं. कुंभकोणम सोडायचा विचारही माझ्या मनात नव्हता. बायकोला ते मी सांगितलं नाही. आता हे जगात फक्त मामांना कळणार होतं. पान छापलं, गोंद लावला, गडूत टाकलं.

तीन दिवसांनी भाजीबाजारात अक्का भेटल्या. केळफूल दाबून बघत म्हणाल्या, "तिकडे बर्फ पडतो म्हणे रे. स्वेटर घेतलास कीं नाहीस? आणि बायकोला सांगितलेंस, कीं विमानात बसवून सांगणार?"

त्या क्षणी मला आनंद झाला, हे लिहायची लाज वाटते. पकडलं, असं वाटलं.

तसाच बस धरून तिरुनागेश्वरमला गेलो. मामा ओट्यावर बसून वाती वळत होते. चपला न काढता मी म्हणालो, "मामा, तीस वर्षांनीं तुमचें तोंड सैल झालें. त्या मुलीचें तुम्हींच सांगितलें. आतां माझेंही सांगितलेंत."

त्यांनी हातातली वात पूर्ण केली. बोटं धोतराला पुसली. "तुझें काय सांगितलें?"

"कॅनडाचें."

"तूं कॅनडाला जातोस?"

"नाहीं! तें खोटें लिहिलें होतें. तुम्हांला पकडायला."

मामांनी वाती बाजूला सारल्या. मग उठून आत गेले आणि गडू घेऊन आले; मधल्या दिवसांत तो त्यांच्याच घरी असायचा. आमच्याकडे उन्हाळाभर नदीत वाळू असते. धरणाचं पाणी सुटून कावेरीत येईपर्यंत पानं सोडता येत नाहीत, ती गडूतच साठतात. मामांनी गडू ओट्यावर उपडा केला. कापलेल्या कडांच्या ढिगातून एक जुडी निघाली, सुताच्या दोऱ्यानं बांधलेली. ती माझ्या हातात दिली. माघापासूनची माझी पानं होती, नऊ. नवाच्या नऊ जशीच्या तशी. गोंद सुटलेला नव्हता, चाकू लागलेला नव्हता. सगळ्यांत वर कॅनडाचं.

"बहिणीच्या मुलाचें मागणें मामानें वाचूं नये," ते म्हणाले. "वाचलें तर मी देवाला सोडून तुलाच विचारत बसेन, हें कां, तें कां. तुझें मी नुसतें सोडतों."

मी जुडी परत ढिगावर ठेवली. ते म्हणाले, "त्या मुलीचें वाचलें होतें मी. दोनदां वाचलें देवापुढें. तिला लौकर निघायला मिळो म्हणून."

मग त्यांनी सगळी पानं परत गडूत भरली, फडकं बांधलं आणि म्हणाले, "हा घेऊन जा. कार्यवाहांना दे. ज्याच्यावर बहिणीचा मुलगा सापळा लावतो, त्यानें देवापुढें दुसऱ्याचें वाचूं नये."

गडू मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो. माझी बंद पानं मामांनी उघडली नव्हती, तरी अक्कांना कॅनडा कळला होता. पानाबाहेर ते कुठेच नव्हतं. तेव्हा प्रथमच मला वाटलं की माणसांना सोडून यंत्राकडे बघावं.

उतरल्यावर घरी न जाता अक्कांकडे गेलो. "अक्का, कॅनडा कोणी सांगितलें?"

"कानावर आलें."

"कोणाच्या तोंडून? पांडुरंगाची शपथ घेऊन सांगा."

शपथ काढल्यावर त्या गडबडल्या. पदरानं फोन पुसत म्हणाल्या, "तोंडून नाहीं. माझें पान उघडलें, तर वर तुझें नांव होतें. खालीं कॅनडा. घटकाभरानें पुन्हा उघडलें, तर माझें होतें. मला वाटलें, देवानेंच दाखवलें."

"आणि त्या मुलीचें?"

"तेंही तसेंच," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली गेला.

आता मला सगळं कळलं. फाल्गुनात साइट बसली होती. एकादशीला सहा ते सात सगळे एकदम आत येतात आणि आमचा स्वस्तातला सर्व्हर धापा टाकतो. कार्यवाहांनी फोन करून विचारलं होतं, "विठ्ठल झोपला काय रे?" म्हणून मी कॅशिंग सुरू केलं. म्हणजे असं, की कोणी पान मागितलं की ते एकदा तयार करायचं, दहा मिनिटं बाजूला ठेवायचं, आणि पुढे जो मागेल त्याला तेच द्यायचं. पंचांग, भजनांची यादी, मठाच्या वेळा, हे सगळ्यांना सारखंच, त्यासाठी ही युक्ती चांगली. पण आत शिरलेल्या सभासदाची पानं त्यातून वगळावी लागतात. मी वगळली नाहीत. दाराला कुलूप आहे ना, मग आतलं सुरक्षित, असं मी धरून चाललो. 'माझं पान' या पत्त्यावर पहाटे जो पहिला यायचा त्याचं पान साठवलं जायचं, आणि दहा मिनिटांत त्याच्यामागून येणाऱ्यांना तेच दिसायचं, नावासकट. अक्का पहाटे लवकर उठतात. ती मुलगीही उठते.

मला हे कधी दिसलं नाही, कारण मी नेहमी व्यवस्थापक म्हणून आत जायचो, आणि व्यवस्थापकाला साठवणीतलं न देता ताजं पान द्यायचं असा नियम त्या सोयीत आधीपासूनच होता. साठ घरांत या दोषातून सुटलेला मी एकटाच. म्हणून मी इतरांकडे बघत बसलो.

आणि कोणी तक्रारही केली नाही. दुसऱ्याचं पान दिसलं असं सांगायचं, म्हणजे ते वाचलं हेही सांगावं लागणार. त्यापेक्षा "कानावर आलें" बरं.

त्याच दुपारी मी चूक सुधारली. चार ओळींचं काम होतं.

मामांचं नाव मात्र चार ओळींत सुधारणार नव्हतं. पुढच्या एकादशीला सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं. पण त्याआधी त्या मुलीला भेटणं भाग होतं. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहिलो. तिला सगळं सांगितलं. तिनं वह्यांचा गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"अण्णा, मी घरांत सांगितलेंय, मीं तसें लिहिलेंच नाहीं. मामांनीं रचलें," ती म्हणाली.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मामा खरे ठरले की ती खोटी ठरणार होती.

"मग मी सांगूं नको?" मी विचारलं. आत कुठेतरी मला ती 'नको' म्हणेल अशी आशाही होती. तिच्या आड लपायला मी तयार होतो.

रिक्षातली मुलं तिला हात करत होती, तिनंही हात केला. "त्यांच्याकडे मी त्या दिवशी कसें पाहिलें, तें मला माहीत आहे," ती म्हणाली. "सांगा तुम्ही. पण मी येणार नाहीं. आणि दुसऱ्या कोणाला विचारूं नका, माझें काय झालें म्हणून."

एकादशीला सकाळी भजन संपलं. मामा आले होते, पण मागे, खांबाशी बसले होते. मी कार्यवाहांकडे पोचवलेला गडू देवापुढे होता आणि त्याच्याजवळ कोणी नव्हतं. मी उभा राहिलो आणि जमेल तसं सांगितलं. "कॉफीच्या दुकानांत डिकॉक्शन आधीं काढून ठेवतात. तें सगळ्यांना एकच. त्यांत चूक नाहीं. पण मी पहिल्या गिऱ्हाइकाचा पेलाच पुढच्यांच्या हातांत देत होतों."

"म्हणजे उष्टें पाजलेंस आम्हांला!" अक्का म्हणाल्या. थोडे हसले.

पण कार्यवाहांच्या शेजारचे गृहस्थ, गुडघ्याची चिंता बाहेर फुटलेले, हसले नाहीत. मान हलवत म्हणाले, "पावम्. मामासाठीं बोलतो आहे. भाचा आहे, बोलणारच." पावम् म्हणजे बिचारा. ते अगदी मायेनं म्हणाले. आसपासच्या माना हलल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण खरं बोलत होतो आणि ते चांगल्या मनाचं खोटं ठरत होतं.

मला याचा अंदाज होता. मी फोन काढला आणि म्हणालो, "दहा मिनिटांसाठीं मी ती चूक पुन्हां चालू करतों. त्या वेळांत दुसरें कोणीं कांहीं लिहूं नका." चूक चालू केली. बायकोचा फोन घेऊन सभासद म्हणून आत शिरलो, माझं पान उघडलं. मग म्हणालो, "आतां सगळ्यांनीं आपापल्या नांवानें आंत जा. 'माझं पान' उघडा."

मठाच्या भिंती जाड आहेत, आत सिग्नल धड येत नाही. एकजण दारात गेला, एकजण तुळशीपाशी. कार्यवाहांच्या फोनच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. आधी अक्कांचा फोन उघडला. त्यांनी चष्मा वर केला.

"तुझें नांव आहे," त्या म्हणाल्या.

"वाचा."

"मोठ्यानें?"

"मोठ्यानें."

त्या अडखळत वाचू लागल्या. 'सगळी पानं मलाही दिसतात. काही मी वाचली. कार्यवाहांना मी खोटं सांगितलं आणि मामांवर सापळा लावला. दोष मामांचा नाही. गडू त्यांच्याकडे परत जावा, एवढंच माझं मागणं.'

तुळशीपासून कोणीतरी ओरडलं, "मलाही हेंच दिसतें!" मग कार्यवाहांचं चक्र थांबलं. त्यांनी पान वाचलं, फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

गुडघ्याचे गृहस्थ बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "चैत्रांत मलाही एकदां दुसऱ्याचें दिसलें होतें." कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांच्या मेहुण्यानं मान खाली घातली. मग मठात जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मामा सुटले आणि बाकीचे सगळे अडकले. प्रत्येकजण इतरांकडे बघू लागला: माझं कोणी वाचलं? यानं? हिनं? कितीदा? त्या सुनेची सासू एकटी समोरच्या समईकडे टक लावून बसली होती. आपल्या सुनेनं काय लिहिलं होतं ते तिला आता नक्की कळलं होतं. ती संध्याकाळ त्या घरात कशी गेली असेल हे मला माहीत नाही. विचारू नका असं मला बजावलेलं होतं. त्यानंतर त्या मुलीचं मागणं गडूत कधी आलं नाही, आणि टाळ आता दुसरीच कोणी धरते.

मी चूक बंद केली. कार्यवाह म्हणाले, "पुढल्या वेळेपासून कागद. ज्यानें त्यानें आपल्या हातानें लिहावें. बाहेरगांवच्यांनीं टपालानें पाठवावें." कोणी विरोध केला नाही. मग ते खांबाकडे वळून म्हणाले, "मामा, यावें."

मामा लगेच उठले नाहीत. मला वाटलं, ते येणारच नाहीत, आणि त्यात काही चूकही नव्हती. मग खांबाला धरून उठले, पुढे आले, गडूशी बसले. त्या सकाळीही मी नेहमीसारखी पानं छापून, गोंद लावून टाकली होती. त्यांत माझंही होतं, आत्ता सगळ्यांनी वाचलं तेच. मामांनी एकेक पान उलटं करून कडेवरचे क्रमांक पाहिले. माझा क्रमांक त्यांना तोंडपाठ असणार. माघापासूनच नऊ वेळा त्यांनी तो बाजूला काढला होता.

या वेळी त्यांनी तो बाजूला ठेवला नाही. चाकू घेतला आणि कड कापली. एका बाजूला कागद थोडा फाटला. देवाकडे तोंड करून ते वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते. मजकूर चार ओळींचा होता, त्यांना बराच वेळ लागला.

मग मान न वळवता, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले, "गोंद फार लावतोस."